सेहेचाळीसनंतर शेजाऱ्यांना कसं कळलं?

आमची निम्मी टीम हिंजवडीत बसते, निम्मी बेलफास्टला. २०२३ च्या फेब्रुवारीत एका शुक्रवारी तिकडचा एक सहकारी कॉलवर म्हणाला, की उद्या मी ओमाला जाणार आहे, रस्त्यावर उभं राहायला. त्या आठवड्यात, २२ फेब्रुवारीला, ओमा गावात जॉन कॉल्डवेल या पोलीस अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या होत्या. मुलांचा फुटबॉलचा सराव संपवून ते सामान गाडीत भरत होते आणि त्यांचा मुलगा शेजारी होता. ते वाचले. जबाबदारी न्यू आयआरएने घेतली. म्हणजे १९९८ चा गुड फ्रायडे करार ज्यांना मान्य नाही आणि ज्यांनी बंदूक ठेवलेली नाही, असे लोक.

मी त्याला अभिमानाने सांगितलं, की मीही अशाच मुलखातला आहे. माझा वाळवा तालुका. आमच्याकडे १९४३ ते ४६ इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चाललं. नाना पाटील, तुफान सेना, शेणोलीची रेल्वे, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘ते संपलं तेव्हा शेजाऱ्यांना कसं कळलं, की आता संपलं?’

मला उत्तर देता आलं नाही. पुढची दोन वर्षं मी प्रतिसरकारवरचं जे मिळेल ते वाचत गेलो. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे. माझी तक्रार इतिहासाबद्दल नाही. तो कसा लिहिला गेला आणि कुठे थांबवला गेला, याबद्दल आहे.

आधी घटनाक्रम. सप्टेंबर १९४२ मध्ये सातारा जिल्ह्यात मोर्चे निघाले. वडूजला ९ सप्टेंबरला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनियर पंड्या गेले. (मी इंजिनियर असल्यामुळे असेल, पण शाळेपासून हे एकच नाव माझ्या लक्षात राहिलं होतं.) मोर्चे चिरडल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले. त्यातून गावोगावची न्यायदान मंडळं, कमी खर्चातली गांधी लग्नं, दरोडेखोरांचा बंदोबस्त आणि फितुरांना तळपायावर मार, हे सगळं उभं राहिलं. त्या मारावरूनच ‘पत्री सरकार’ हे नाव लोकांच्या तोंडी बसलं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी गाडी अडवली गेली. जुलैमध्ये वसंतदादा सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले आणि गोळी लागून पकडले गेले.

इथपर्यंतचं सगळ्यांना पाठ असतं. मला अडलं ते पुढे. मे १९४४ मध्ये गांधीजी सुटले आणि त्यांनी भूमिगतांना उघड होण्याचं आवाहन केलं. देशात बहुतेक ठिकाणची चळवळ तोवर विझली होती किंवा त्या आवाहनानंतर विझली. साताऱ्यात ती चालू राहिली, नुसती चालू नव्हे, गावपातळीवर अधिक घट्ट झाली. अच्युतराव पटवर्धन आणि नाना पाटील १९४६ पर्यंत बाहेर आले नाहीत. २५ फेब्रुवारी १९४६ ला शिराळ्याच्या बाजूला मणदूरजवळ किसन अहिर आणि नानकसिंग पोलिसांशी लढताना पडले. प्रांतिक निवडणुकांचे दिवस होते ते. पुढच्या दोनेक महिन्यांत मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं निघाली तशी मागे गेली आणि भूमिगत उघड झाले.

इथे एक गोष्ट मान्य करतो. उत्तर आयर्लंडशी ही तुलना नीट बसत नाही. १९४४ मध्ये कोणताच करार झाला नव्हता, इंग्रजांनी काहीच कबूल केलं नव्हतं. गांधीजींचा शब्द हा तह नव्हता, एका नेत्याचं नैतिक सांगणं होतं, आणि ते न मानणाऱ्यांना कराराचे द्रोही म्हणता येत नाही. आयर्लंडमध्ये १९९८ चा करार दोन्हीकडच्या लोकांनी मतदान करून स्वीकारला होता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच ओमात बॉम्ब फुटून २९ माणसं गेली, तेव्हा लोकांना ठामपणे म्हणता आलं, की आम्ही मत दिलंय, हे आमच्या नावाने नाही. आमच्याकडे लोकांना विचारलंच कोणी नव्हतं. ना इंग्रजांनी, ना गांधीजींनी. आणि खरं तर प्रतिसरकारनेही नाही.

म्हणून माझा प्रश्न छोटा आहे. या सगळ्यात लोक काय म्हणत होते?

यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’ हे या मुलखाचं सगळ्यात वाचलं गेलेलं आत्मचरित्र. मला ते आवडतं. त्यातला देवराष्ट्राचा भाग, आई, भूमिगत असताना आजारी पत्नीला भेटायला फलटणला जाणं आणि तिथे अटक होणं, हे आजही हलवून टाकतं. पण हे पुस्तक १९४६ ला संपतं. लेखक कृष्णाकाठ सोडून मुंबईला निघतो, पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून, आणि खातं मिळतं गृह. तीन वर्षांपूर्वी ज्या माणसाला पोलीस शोधत होते, तो आता पोलिसांच्या खात्यात. या घटनेत एक अख्खी कादंबरी आहे. जे सोबती अजून हत्यार बाळगून होते त्यांच्याकडे हा माणूस आता कसा पाहतो? त्याच्याकडे गाव कसं पाहतं? पुस्तक तिथेच मिटतं.

मला २००९ च्या मार्चमधलं बेलफास्टचं चित्र आठवतं. तीन दिवसांत दोन सैनिक आणि एक पोलीस मारला गेला. एकेकाळचे आयआरएचे कमांडर मार्टिन मॅकगिनेस पोलीसप्रमुखांच्या शेजारी उभे राहिले आणि मारणाऱ्यांना देशद्रोही म्हणाले. त्यांना हे सोपं गेलं नसणार, त्यांच्या जुन्या सोबत्यांनी त्यांनाच द्रोही ठरवलं. पण तो क्षण उघड्यावर घडला, कॅमेऱ्यासमोर, आणि दुसऱ्या दिवशी कामगार संघटनांच्या हाकेवरून हजारो माणसं मुकाट रस्त्यावर उभी राहिली. आमच्या बाजूला असा क्षण घडलाच नाही असं मी म्हणत नाही. घडला असेल तर तो आमच्या वाचनात आलेला नाही, एवढंच.

दुसरं पुस्तक पी. साईनाथ यांचं, २०२२ मध्ये इंग्रजीत आलेलं ‘द लास्ट हीरोज’. हे पुढाऱ्यांचं पुस्तक नाही. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, निरोप आणि जेवण पोचवणारे गणपती बाळा यादव, नाना पाटलांची मुलगी हौसाताई. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर हौसाताई नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचं सोंग करतात आणि पोलीस भांडण सोडवायला धावतात तेव्हा सोबती हत्यारं पळवतात, हा प्रसंग मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. साईनाथांनी साध्या माणसांना इतिहासात जागा दिली, हे मोठं काम आहे, आणि ते वेळेत झालं. हौसाताई २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये.

तरीही एक खटकतं. या पुस्तकातली साधी माणसं सगळी एकाच बाजूची आहेत. भाकरी देणारी आहेत. दाराला कडी लावून आत बसणारी नाहीत. भाकरी भीतीने दिली की प्रेमाने, हे देणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं अशी माणसं नाहीत. नव्वदीतल्या वीरांना अखेरचं भेटायला गेलेल्या लेखकाने हे प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा अन्याय्य आहे, हे मला कळतं. पण मग ते विचारायचे कोणी?

थोडेफार विचारले आहेत गेल ऑम्व्हेट यांनी. १९८८ मध्ये ज्ञानेंद्र पांडे यांनी संपादित केलेल्या बेचाळीसवरच्या ग्रंथात त्यांचा सातारा प्रतिसरकारवरचा दीर्घ निबंध आहे. जात, जमीन आणि गावातली सत्ता यांच्यातून त्या हे सरकार समजून घेतात. त्या अमेरिकेतून आल्या आणि कासेगावच्या पाटणकरांच्या घरात राहिल्या, तिथेच २०२१ मध्ये गेल्या. त्यांच्या सासूबाई इंदुताई प्रतिसरकारात होत्या, सासरे बाबूजीही. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच बाबूजींचा खून झाला. इंग्रज गेले होते, आपलं सरकार आलं होतं, आणि या सरकारासाठी लढलेला माणूस आपल्याच मुलखात मारला गेला. ही गोष्ट मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, पुण्यात बसून, कळली. कासेगाव आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर आहे.

आणि चौथं पुस्तक ‘वावटळ’. व्यंकटेश माडगूळकरांची १९६४ ची ही छोटी कादंबरी गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीवर आहे. फेब्रुवारी १९४८ मध्ये सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जळाली, माडगूळकरांचं स्वतःचं घरही त्यात गेलं. माडगूळकर स्वतः बेचाळीसच्या चळवळीत शाळा सोडून उतरलेले होते, म्हणजे मशाल हातात घेण्याचं आकर्षण त्यांना आतून माहीत होतं. म्हणून ही कादंबरी रडत नाही, ओरडत नाही आणि कोणालाही राक्षस करत नाही. आपल्याच गावाकडे जाताना आता भीती वाटते, एवढंच ती सांगत राहते. मला वाटतं, हिंसा थांबायला हवी होती पण थांबली नाही, तेव्हा साध्या माणसाला काय वाटतं, हे मराठीत एवढ्या जवळून क्वचितच कोणी लिहिलं असेल.

पण वावटळ म्हणजे अचानक आलेलं संकट. कादंबरीच्या नावातच ते निसर्गाच्या खात्यावर टाकलं गेलंय. १९४६ ते ४८ या मधल्या दोन वर्षांत गावात काय साठत होतं, गावाने कशाकशाकडे बघून न बघितल्यासारखं केलं, हे तीही सांगत नाही. ‘कृष्णाकाठ’ सेहेचाळीसला संपतं, ‘वावटळ’ अठ्ठेचाळीसला सुरू होते. त्या दोघांच्या मधली जागा कोरी आहे.

त्या कोऱ्या जागेतली एक गोष्ट माझ्या घरात होती, हे मला गेल्या दिवाळीत कळलं.

आजीला मी सहज विचारलं, की तुमच्याकडे भूमिगत यायचे का. ती म्हणाली, ‘येत हुती की. आई भाकऱ्या थापायची, आन् मी उसात नेऊन द्यायची.’ मी खूश. मग ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘आन् मग सरकार संपल्यावर आण्णास्नी मारलं.’ आण्णा म्हणजे तिचे वडील. मी लहानपणापासून ऐकलं होतं, की ते बैलाने मारल्यामुळे लंगडायचे. सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात रात्री चारपाच जण आले. तोंडं बांधलेली. बांधाचा वाद चालू होता कोणाशी तरी. त्यांनी तळपायावर मारलं, आणि जाताना सरकारचा हुकूम आहे असं सांगून गेले. कोणतं सरकार, हे आण्णांनी विचारलं नाही. प्रतिसरकार त्याआधी वर्षभर संपलेलं होतं. ते कोण होते हे आजीला माहीत नाही, आणि मला शोधायचंही नाही. नाव उरलं होतं, मार उरला होता, ते कोणालाही वापरता येत होतं.

मी विचारलं, ‘मग गाव काय म्हणालं?’

‘काय म्हणतंय? दुसऱ्या दिवशी इचारायलाबी कोन आलं न्हाई. आन् आमीबी बैलानं मारलं म्हणून सांगितलं.’

माझ्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचं एक उत्तर मला तिथे मिळालं. शेजाऱ्यांना कळलंच नाही. कळवणारं कोणी नव्हतं. वॉरंटं मागे घेतल्याचं भूमिगतांना कळलं, सत्कार झाले, पोवाडे झाले. आता कोणी या नावाने दारात आलं तर घाबरू नका, आम्हाला येऊन सांगा, हे गावाला कोणी सांगितल्याचं आजीला आठवत नाही. आणि ज्या घराने भाकऱ्या दिल्या, त्या घराला तक्रार करायला शब्द नव्हता. तक्रार केली तर भाकऱ्यांचा अपमान होईल, फितूर ठराल. म्हणून बैल.

१८ एप्रिल २०१९ ला डेरीमध्ये दंगल चालू असताना लायरा मकी ही पत्रकार न्यू आयआरएच्या गोळीने गेली. २९ वर्षांची होती, माझ्या आजच्या वयाची. चार दिवसांनी तिच्या मैत्रिणी हात लाल रंगात बुडवून हिंसेची बाजू घेणाऱ्या पक्षाच्या कार्यालयापाशी गेल्या आणि त्या भिंतीवर पंजे उमटवून आल्या. कार्यालयाबाहेर त्या पक्षाची माणसं उभी होती. मैत्रिणी त्याच शहरातल्या, अनेकींच्या घरांत जुन्या लढ्याबद्दल आदर असणार. तो आदर ठेवूनही त्यांना भिंतीपर्यंत जाता आलं. यानंतर हिंसा थांबली असं नाही, कॉल्डवेलवर गोळ्या त्यानंतरच झाडल्या गेल्या. पण न बोलणं हाच एक मार्ग उरला नव्हता.

प्रतिसरकारवर आजही लिहिलं जातं, दरवर्षी जयंतीला लेख येतात, ते यावेतच. नाना पाटलांचं मोठेपण याने कमी होत नाही. पण प्रत्येक लेख भूमिगतांच्या बाजूने सुरू होतो आणि सेहेचाळीसला हार घालून संपतो. एखाद्याने तो उंबऱ्याच्या आतून सुरू करावा. भाकरी थापणाऱ्या बाईला सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात नेऊन सोडावं आणि ती काय म्हणते ते ऐकावं. ती पोवाडा म्हणणार नाही आणि शिव्याही देणार नाही. ती बहुतेक दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगेल, माझ्या आजीसारख्या.

आजी आता सत्त्याऐंशीची आहे. मी तिला विचारलं, हे लिहू का. ती म्हणाली, ‘लिही. पण गावाचं नाव नको.’ म्हणून लिहिलेलं नाही.