गॅझेटियरातले 'ते'

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. पण त्याचा जुना इतिहास शोधताना हात जातो तो जेम्स कॅम्पबेल संपादित १८८०च्या 'रत्नागिरी व सावंतवाडी' गॅझेटियरकडे. बंदरे, पिके, व्यापार यांची त्यातली बारीक नोंद आजही उपयोगी पडते, हे मान्यच करायला हवे. खारेपाटण त्यात आहे. जमाती, दालदी म्हणून आपणही आहोत. मात्र सगळे 'ते'. आपल्यातला कुणी 'मी' म्हणून बोलत नाही. राज्य चालवण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथाची ही मर्यादा.

पण आता तक्रार कोणाकडे करायची? खारेपाटणचा शिलाहार रट्टराजाचा १००८चा ताम्रपट हजार वर्षे टिकला. जमातीची वही एका पावसाळ्यात भिजते. नानीची बोली, खलाशांची पत्रे, कबरींवरचे लेख आपण उतरवून घेतले का? मी उर्दू शाळेत शिकवतो, तरी म्हणतो, हे मराठीतही लिहावे. म्हणजे शेजारच्या घरातही वाचले जाईल. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एकेक पान लिहून आणा, असे मी वर्गात सांगितले आहे.