उकिरडा, चिता आणि ज्वालामुखी

सोफोक्लीजने सव्वाशेच्या आसपास नाटकं लिहिली. पूर्ण स्वरूपात हाती आली ती सात. एस्किलसचीही सातच, आणि त्यातल्या ‘प्रॉमिथियस’च्या कर्तृत्वाविषयी वाद आहे. युरिपिडीजची अठरा-एकोणीस टिकली, तीही बरीचशी योगायोगाने: त्याच्या समग्र नाटकांच्या वर्णानुक्रमे लावलेल्या संग्रहातला एक तुकडा मध्ययुगापर्यंत तगला. पु. लं.च्या मराठीतून ‘राजा ओयदिपौस’ आणि विंदांच्या लेखणीतून अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र वाचलेला आपला वाचक ज्याला ग्रीक साहित्य म्हणतो, त्यातला मोठा भाग शिक्षकांनी वर्गासाठी निवडलेला आहे. त्याबाहेरचं काय आणि कसं सापडतं आहे, याचा हिशेब मांडायला हवा, कारण अशा शोधांचा गाजावाजा आणि त्यांचं मोल यांचा मेळ बसत नाही.

१८९६च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या इंग्रज अभ्यासकांनी इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकसचे उकिरडे उपसायला सुरुवात केली. तिथून सोफोक्लीजच्या एका सॅटर-नाटकाच्या सुमारे चारशे ओळी आल्या. मेनँडरचं ‘डिस्कोलस’ मात्र दुसऱ्या मार्गाने, १९५८मध्ये प्रकाशात आलं. प्लॉटस आणि टेरेन्स हे रोमन नाटककार ज्याच्यावर पोसले, तो मेनँडर प्रत्यक्ष भेटल्यावर अनेक अभ्यासक हिरमुसले. हे मला अन्यायाचं वाटतं. ते त्याच्या उमेदीच्या काळातलं नाटक आहे, आणि एका तिरसट म्हाताऱ्याभोवतीचं शेजारपण त्यात फार मायेने रंगवलं आहे.

माझ्या मते सगळ्यांत मोठा शोध साहित्यापेक्षा धर्मचिंतनाचा आहे. १९६२मध्ये थेसालोनिकीजवळ देरवेनी इथे एका चितेच्या राखेत पपायरसची अर्धवट जळालेली गुंडाळी मिळाली. ग्रीसच्या ओलसर मातीत पपायरस कुजतो. ही गुंडाळी करपली म्हणूनच टिकली. इसवीसनपूर्व चौथ्या शतकातली ही प्रत म्हणजे युरोपातलं वाचता येण्याजोगं सर्वांत जुनं हस्तलिखित. ऑर्फियसच्या नावावरच्या एका सृष्टिकाव्यावरचं ते भाष्य आहे. भाष्यकार अनाम आहे. देवांच्या उग्र कथा त्याला कोड्यासारख्या वाटतात. झ्यूस म्हणजे हवा, झ्यूस म्हणजे बुद्धी, असा अर्थ तो लावत जातो. दीक्षा घेऊनही काही न कळता परत जाणाऱ्या भाविकांची त्याला कीव येते. श्रद्धा आणि भौतिक विचार एकाच माणसाच्या मनात कसे नांदत होते, हे इतक्या जवळून दाखवणारा मजकूर मला दुसरा माहीत नाही. त्याची अधिकृत आवृत्ती निघाली २००६मध्ये. चव्वेचाळीस वर्षांचा हा विलंब या विद्याशाखेला शोभणारा नाही.

सध्या बातम्यांत आहे ते हर्क्युलेनियम. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात कोळसा झालेल्या तिथल्या गुंडाळ्या आता न उलगडता, क्ष-किरण आणि संगणकाच्या साहाय्याने वाचता येतात. २०२३मध्ये ‘जांभळा’ हा शब्द उमटला. पुढच्या वर्षी एका गुंडाळीतली सुमारे दोन हजार अक्षरं वाचणाऱ्या तिघा तरुणांना सात लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. हे यश खरं आहे आणि थक्क करणारं आहे. पण आजवर तिथून प्रामुख्याने मिळाला तो फिलोडेमस, एपिक्युरसचा अभ्यासू पण दुय्यम अनुयायी. खुद्द एपिक्युरसच्या ‘निसर्गाविषयी’ या ग्रंथाचे अवशेषही तिथलेच, आणि माझ्या लेखी ते जास्त मोलाचे. शिवाय यंत्र अक्षर दाखवतं. तुटलेलं वाक्य जुळवायला ग्रीकमध्ये मुरलेला माणूसच लागतो, आणि अशी माणसं घडायला वर्षं जातात.

सॅफोचं उदाहरण सावध करणारं आहे. २०१४मध्ये तिच्या भावांविषयीची कविता गाजली, पण तो पपायरस आला कुठून याचा विश्वासार्ह तपशील मिळेना, आणि २०२१मध्ये त्यावरचं एक प्रकरण प्रकाशकाला मागे घ्यावं लागलं. याउलट २०२२मध्ये फायूममधल्या प्राचीन फिलाडेल्फियात रीतसर उत्खननात युरिपिडीजच्या ‘इनो’ आणि ‘पॉलिइडस’ या हरवलेल्या नाटकांच्या मिळून सुमारे शंभर ओळी मिळाल्या. जागा ठाऊक, थर ठाऊक, आणि दोन वर्षांत प्रकाशनही. या शतकातल्या साहित्यिक शोधांत मी तो आदर्श मानतो.

ऑक्सिऱ्हिंकसच्या संग्रहाचे १८९८पासून ऐंशीहून अधिक खंड निघाले आहेत आणि बहुसंख्य तुकडे अजून पेट्यांतच आहेत. बक्षिसांचा पैसा आता ते वाचणाऱ्यांकडे वळायला हवा.