‘वजनदार’ : आरसा आणि गड

मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात कानी पडणारे एक वाक्य आम्हां सर्वांच्या परिचयाचे आहे : ‘अगं, किती सुटलीस!’ बोलणारीच्या मनात बहुधा वाईट काही नसते. ऐकणारी मुलगी मात्र पुढच्या रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसते. सचिन कुंडलकर यांचा ‘वजनदार’ (२०१६) हा चित्रपट या मुलीच्या बाजूचा आहे, म्हणून त्याचा येथे विचार करणे अगत्याचे वाटते.

पाचगणीतील दोन मैत्रिणी, एक विवाहित व एक अविवाहित, वजन उतरविण्याच्या मागे लागतात, हे त्याचे कथासूत्र. सई ताम्हणकर व प्रिया बापट यांनी या भूमिकांसाठी खरोखरीच वजन वाढविले होते. स्थूल स्त्री हा आपल्या विनोदाचा आयता विषय. ती येथे नायिका झाली आणि तिचे मन समजून घेतले गेले, हे या चित्रपटाचे श्रेय निःसंशय मोठे आहे.

तथापि एक उणीव आम्हांस जाणवते. देह कसा दिसतो, या प्रश्नाला चित्रपट ‘आहे तसा स्वीकारा’ असे उत्तर देतो. उत्तर मायेचे आहे. पण प्रश्न मात्र आरशाचाच राहतो. हा देह काय करू शकतो, हा दुसरा प्रश्न तेथे पुरेसा उमटत नाही. स्वीकार म्हणजे हेळसांड नव्हे, हेही आपल्या घराघरांतील मधुमेह आणि रक्तदाब आपणांस सांगत असतात.

हा दुसरा प्रश्न आम्हांस वेल्ह्यात भेटला. तेथील बाया आषाढात चिखलात वाकून भातलावणी करतात. त्यांच्या कष्टांचे कौतुक करून ते हलके होत नाहीत. पण तेथे देहाची किंमत त्याच्या बळावरून होते, हे खरे. गावाच्या माथ्यावर १४०३ मीटर उंचीचा तोरणा उभा आहे. त्याचा अवाढव्य विस्तार पाहून शिवरायांनी त्यास ‘प्रचंडगड’ म्हटले. थोराड अंगाचा तो गौरवच होय. बिनी दरवाजाखालच्या खड्या चढणीवर सडपातळ आणि स्थूल दोघेही सारखेच धापा टाकतात. तेथे कामी येतो तो दम, गुडघे आणि रोजच्या चालण्याची सवय. वजनाचा काटा हलो वा न हलो, सवयीने दम वाढतो.

आपल्या भाषेने हे केव्हाच ओळखले आहे. ज्याच्या शब्दाला वजन, तो माणूस मोठा. जुन्या करारातील ‘गौरव’ या अर्थाचा ‘कावोद’ हा हिब्रू शब्दही जडपणा दाखविणाऱ्या धातूपासूनच आला आहे. संत पौलाने करिंथकरांना देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याचे बजावले. मंदिराची रोज झाडलोट करावी, भिंती भक्कम राखाव्यात. त्याचा घेर मोजीत बसू नये.

चित्रपटाने आरशासमोर रडणाऱ्या मुलीचे डोळे पुसले. पुढचे काम आपले आहे. येत्या रविवारी चर्चच्या अंगणात ती दिसली, तर ‘किती सुटलीस’ हे ओठांवरच अडवावे आणि एवढेच विचारावे : ‘पाऊस सरला की तोरण्याला येतेस का आमच्याबरोबर?’