वर्गमूळाचा दोष की विवेकाचा?

पायथॉन भाषेत पूर्णांकी वर्गमूळ हवे असता एसक्यूआरटी या फलनाचे उत्तर घेऊन त्याचा अपूर्णांकी भाग छाटण्याची रीत रूढ आहे. ती सोयीची खरी. निर्दोष मात्र नव्हे. ९ हा अंक सोळा वेळा लिहून होणारी संख्या घ्यावी. तिचे पूर्णांकी वर्गमूळ ९९९९९९९९ होय. या रीतीने १०००००००० असे, एकाने अधिक, उत्तर येते. आणि तेही कसलीही सूचना न मिळता.

याचा दोष फलनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मूळ संख्या त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. फ्लोटिंग पॉइंट रूपात सार्थ अंकांसाठी ५३ बिटच असल्याने रूपांतर होतानाच ती संख्या १० चा १६ वा घात बनते, व त्याचे वर्गमूळ अचूकच निघते.

२०१९ साली ३.८ या आवृत्तीत आलेले आयएसक्यूआरटी हे फलन केवळ पूर्णांकांवर चालते. तेथे हा प्रमाद संभवत नाही. तथापि, लांबीच्या मोजमापात चालणारे आसन्न उत्तर पूर्णवर्गाच्या कसोटीत चालत नाही, हा विवेक कोणतेही फलन पुरवीत नाही. तो अध्यापनानेच द्यावयाचा आहे.