वेल्स : कल्पित राजसत्तेतील सरदारसंघ व मानसन्मान

वेल्सची स्वतंत्र राजसत्ता लोप पावली नसती, तर तिने कोणते सरदारसंघ, पदके व किताब निर्माण केले असते, या कल्पनेवर उभारलेल्या रचनांचा एक प्रकार. ‘पर्यायी इतिहास’ या व्यापक साहित्यप्रकारात तो मोडतो. प्रत्यक्ष घडलेल्या इतिहासातील एखादी निर्णायक घटना बदलून तिच्या पुढील परिणामांची तर्कसंगत मांडणी करणे, हे या साहित्यप्रकाराचे मुख्य लक्षण होय. फ्रान्समध्ये लूई जॉफ्र्वा याने १८३६ मध्ये नेपोलियनच्या जगज्जयाचा कल्पित इतिहास लिहिला. शार्ल रनूव्हिए या तत्त्वज्ञाने १८७६ च्या आपल्या ग्रंथात या प्रकाराला स्वतंत्र नाव दिले. इंग्रजीत जे. सी. स्क्वायर याने १९३१ मध्ये अशा निबंधांचा संग्रह संपादित केला. मराठीत जयंत नारळीकर यांची पानिपतच्या लढाईला वेगळे वळण देणारी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा सर्वपरिचित आहे. वेल्शमध्ये इस्लविन फॉक एलिस याच्या १९५७ मधील कादंबरीत स्वतंत्र वेल्स आणि नामशेष वेल्स अशी दोन भवितव्ये समोरासमोर ठेवली आहेत. ती भविष्यकथा असली, तरी तिचा मूळ प्रश्न पर्यायी इतिहासाचाच आहे.

मानसन्मानांची यादी ही अशा रचनांतील वरवर गौण वाटणारी बाब होय. तथापि राज्य कोणाला आणि कशासाठी गौरविते, यावरून त्या राज्याचे स्वरूप जितके स्पष्ट होते, तितके त्याच्या नकाशावरून होत नाही. म्हणून कल्पित वेल्श राज्याची कसोटी याच ठिकाणी लागते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : कल्पनेला फाटा फुटण्याजोगे प्रसंग वेल्सच्या इतिहासात प्रामुख्याने तीन आहेत. अकराव्या शतकात ग्रिफिथ आप ल्यूएलिन याने जवळजवळ सर्व वेल्स आपल्या अंमलाखाली आणला. परंतु १०६३ च्या सुमारास तो मारला गेला आणि ते ऐक्य टिकले नाही. दुसरा प्रसंग ल्यूएलिन आप ग्रिफिथ याचा. १२६७ च्या माँगमरीच्या तहान्वये तिसऱ्या हेन्रीने त्यास ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणून मान्यता दिली. पण ११ डिसेंबर १२८२ रोजी तो मारला गेला आणि पुढे १२८४ च्या रिडलनच्या कायद्याने त्याचा प्रदेश इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात गेला. तिसरा प्रसंग ओवाइन ग्लिंडूर याच्या उठावाचा (१४००). त्याने १४०४ मध्ये मॅहन्‌लेथ येथे प्रतिनिधिसभा भरविली आणि १४०६ मध्ये पेनल येथून फ्रान्सच्या राजास पाठविलेल्या पत्रात स्वतंत्र वेल्श धर्मपीठ व दोन विद्यापीठे यांची योजना मांडली.

या संदर्भात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वेल्श सत्ताधीश बाराव्या शतकापासून ‘राजा’ या बिरुदाऐवजी उत्तरोत्तर ‘प्रिन्स’ हे बिरुद वापरू लागले होते. त्यामुळे ‘वेल्सचे राज्य’ हा शब्दप्रयोगच अंशतः कल्पित ठरतो. त्याच्या दरबारी संस्था कल्पिताना लेखकास अधिक सावधगिरी बाळगावी लागते.

बळकावलेले सन्मान : पराभवानंतर वेल्सची सन्मानचिन्हे नष्ट झाली नाहीत, ती दुसऱ्याच्या सन्मानव्यवस्थेत सामावली गेली. ल्यूएलिनचे बिरुद १३०१ मध्ये पहिल्या एडवर्डने आपल्या मुलास दिले. ग्विनेदच्या राजघराण्याचा पवित्र क्रूसावशेष १२८३ मध्ये एडवर्डच्या हाती पडला आणि १२८५ मध्ये लंडनमध्ये मिरविला गेला. पुढे तो विंझर येथील सेंट जॉर्जच्या प्रार्थनामंदिरात, म्हणजेच ऑर्डर ऑफ द गार्टरच्या मुख्य स्थानी ठेवण्यात आला आणि सोळाव्या शतकात नाहीसा झाला. गार्टर हा इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ सरदारसंघ तिसऱ्या एडवर्डने १३४८ च्या सुमारास स्थापिला. त्यात राजा आणि प्रिन्स ऑफ वेल्स यांना पदसिद्ध स्थान असून त्यांच्याखेरीज चोवीस सदस्यांची मर्यादा आहे. अशा रीतीने वेल्श राजपद हेच इंग्लिश सरदारसंघाचे एक आसन बनले.

इंग्लंडच्या राजसत्तेने पुढील काळात इतर प्रदेशांसाठी स्वतंत्र संघ निर्माण केले : स्कॉटलंडसाठी थिसल (१६८७), आयर्लंडसाठी सेंट पॅट्रिक (१७८३), माल्टा व आयोनियन बेटांसाठी सेंट मायकेल व सेंट जॉर्ज (१८१८) आणि हिंदुस्थानसाठी स्टार ऑफ इंडिया (१८६१). वेल्ससाठी मात्र असा एकही संघ निघाला नाही. याचे कारण सन्मानाच्या अभावात नसून सत्तेच्या व्यवहारात आहे. ज्या प्रदेशातील अमीर-उमरावांना निष्ठेने बांधून ठेवणे निकडीचे होते, तेथे फीत व तारका पाठविण्यात आल्या. आयरिश संसदेने १७८२ मध्ये कायदेविषयक स्वायत्तता मिळविल्यावर लगेच पुढील वर्षी सेंट पॅट्रिकचा संघ स्थापन व्हावा, हे या दृष्टीने बोलके आहे. उलट वेल्स १५३६ व १५४३ च्या कायद्यांनी इंग्लंडमध्ये विलीन झाला होता. १७४६ च्या एका कायद्यानुसार तर ‘इंग्लंड’ या शब्दातच वेल्सचा समावेश गृहीत धरला जाई. ही तरतूद वेल्सपुरती १९६७ पर्यंत टिकली. वेल्श सरदारांना इंग्लिश संघाचा मार्ग मोकळा होता. सर ऱ्हीस आप टॉमस याला १५०५ मध्ये गार्टर मिळाला आणि तो आनंद त्याने कॅरू येथील आपल्या किल्ल्यात मोठी शस्त्रस्पर्धा भरवून साजरा केला.

कल्पित संघांची रचना व तिचे दोष : ही उणीव भरून काढण्याची इच्छा कल्पित संघांच्या मुळाशी आहे, आणि तिचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु ती भरून काढण्याची सामान्य रीत मात्र टीकार्ह आहे. अशा रचनांत बहुधा संत डेव्हिड याच्या नावाचा एक सर्वोच्च संघ, लाल ड्रॅगनच्या नावाचा दुसरा, लीक किंवा डॅफोडिल यांच्या आकृतीचे पदक, पाच श्रेणी, गळ्यातील फीत, उजव्या खांद्यावरून येणारा पट्टा आणि ‘सर’ या उपपदाला वेल्श प्रतिशब्द, अशी योजना आढळते. पाच श्रेणींची ही उतरंड नेपोलियनच्या लिजन ऑफ ऑनरपासून (१८०२) रुळत गेली आणि ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एंपायरने (१९१७) ती ब्रिटनमध्ये सर्वपरिचित केली. म्हणजे ज्या इतिहासातून वेल्सला सोडवावयाचे, त्याच इतिहासाची शिडी या कल्पित राज्यात उभी राहते. राज्य कागदावर मुक्त होते. त्याचे सन्मान मात्र परक्यांचेच राहतात.

या दोषाचे मूळ एका चुकीच्या गृहीतकात आहे. सरदारसंघ ही सर्व राजसत्तांची नैसर्गिक गरज आहे, असे ते गृहीतक होय. वस्तुतः नाइटपद हे जमिनीची अखंड धारणा, ज्येष्ठाधिकार आणि घोडदळाची चाकरी यांच्या आधारावर वाढले. वेल्श रूढीप्रमाणे वडिलोपार्जित जमीन सर्व मुलांत वाटली जाई. अशा समाजात गार्टरची हुबेहूब प्रतिकृती निपजली असती, असे मानण्यास आधार नाही. ल्यूएलिनचे राज्य टिकले असते, तर त्याने शेजारच्या राजदरबारांचे काही अनुकरण केले असते, हे संभवनीय आहे. परंतु ते अनुकरण कोणत्या देशी संस्थेवर बेतले गेले असते, हा प्रश्न लेखकाने सोडविला पाहिजे. तोच बहुधा सोडविला जात नाही.

देशी सामग्री : ही सामग्री विपुल आहे. हवेल दा (मृ. सु. ९५०) याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या वेल्श विधिसंहितांत राजदरबारातील चोवीस अधिकाऱ्यांची गणना आहे. त्यांना वर्षातून तीनदा राजाकडून लोकरीचे व राणीकडून तागाचे वस्त्र मिळे. दरबारी कवीला पदग्रहणाच्या वेळी वीणा व सोन्याची अंगठी दिली जाई, असे काही पाठांत म्हटले आहे. याहून महत्त्वाचा भाग मानहानीच्या भरपाईचा. प्रत्येक व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे मोल तिच्या दर्जानुसार ठरलेले असून तिचा अपमान करणाऱ्याने ते भरून द्यावयाचे असे. राजाच्या बाबतीत त्यात गायींखेरीज राजाच्या उंचीइतका सोन्याचा दंड आणि त्याच्या चेहऱ्याएवढी सोन्याची थाळी यांचा समावेश होता. येथे मान ही राजाने बहाल केलेली वस्तू नसून कायद्याने रक्षिलेला हक्क आहे. सरदारसंघाच्या कल्पनेहून ही कल्पना सर्वस्वी भिन्न असून कल्पित राज्याच्या रचनाकाराला तिच्यातून नवे काही घडविता आले असते.

दुसरी सामग्री खुर्चीची. संहितांत श्रेष्ठ कवी म्हणजे स्पर्धेत आसन जिंकलेला कवी, असा निर्देश आहे. ११७६ मध्ये ऱ्हीस आप ग्रिफिथ याने कार्डिगनच्या किल्ल्यात भरविलेल्या मेळाव्यात कवी व वादक यांच्यासाठी दोन आसने पारितोषिक म्हणून ठेवली होती. आधुनिक राष्ट्रीय आइस्टेद्‌वोद या कविसंमेलनात ही प्रथा आजही पाळली जाते. स्पर्धक टोपणनावाने रचना पाठवितात, परीक्षकांना कवीची ओळख नसते आणि एकही रचना पात्र न ठरल्यास खुर्ची त्या वर्षी रिकामी ठेवली जाते. जो सन्मान रोखून धरता येतो, त्यालाच किंमत असते, हे सूत्र या प्रथेत आहे.

कल्पनेचे वास्तव झालेले रूप : वेल्सच्या बाबतीत कल्पित सन्मानव्यवस्था प्रत्यक्षात उतरल्याचे एक उदाहरण इतिहासातच उपलब्ध आहे. ग्लमॉर्गनचा पाथरवट एडवर्ड विल्यम्स ऊर्फ योलो मोर्गानुग (१७४७–१८२६) याने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर ‘गोर्सेद’ म्हणजे कवींची सभा भरविली आणि ती प्राचीन ड्रुइडांपासून अखंड चालत आल्याचे सांगितले. १८१९ मध्ये कार्मार्दन येथे तिची आइस्टेद्‌वोदशी सांगड घातली गेली. विसाव्या शतकात जी. जे. विल्यम्स या संशोधकाने योलोची अनेक जुनी म्हणविलेली हस्तलिखिते व कविता बनावट असल्याचे दाखवून दिले. सभेचे भारदस्त झगे ह्यूबर्ट फॉन हेर्कोमर या जर्मनीत जन्मलेल्या चित्रकाराच्या कल्पनेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साकारले. पांढरा, निळा व हिरवा या झग्यांच्या रंगांनी पूर्वी श्रेणी दर्शविली जाई. २०१२ पासून सर्व रंगांना समान दर्जा देण्यात आला.

योलोचा पुरावा खोटा होता. तथापि त्याची निवड अचूक होती. त्याने वेल्सला सरदार दिले नाहीत, कवींची सभा दिली. सभेच्या विधीत प्रमुख ड्रुइड तलवार म्यानातून अर्धवट काढून ‘शांतता आहे काय’ असा प्रश्न तीनदा विचारतो; सभेने होकार दिल्यावर ती पुन्हा म्यान केली जाते. नाइटपद देताना तलवार खांद्यावर टेकविली जाते, येथे ती म्यानात परत जाते. कल्पित सरदारसंघांच्या असंख्य तपशिलांपेक्षा हा एक विधी अधिक स्वतंत्र आहे.

दोन सन्मानपद्धतींतील अंतर १९१७ या एकाच वर्षात उघड झाले. त्या वर्षी जूनमध्ये वेल्श कुटुंबातील पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज याच्या कारकीर्दीत पाचव्या जॉर्जने ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एंपायरची स्थापना केली. सप्टेंबरमध्ये बर्कनहेड येथील आइस्टेद्‌वोदमध्ये खुर्चीच्या मानकऱ्याचे टोपणनाव पुकारले गेले, तेव्हा कोणीही उठले नाही. ‘हेद विन’ या नावाने लिहिणारा ट्रॉस्व्हनिदचा मेंढपाळ एलिस हम्फ्री एव्हान्स ३१ जुलै रोजी पॅशेंडेलच्या लढाईत मारला गेला होता. बेल्जियन निर्वासित कारागिराने घडविलेल्या त्या खुर्चीवर काळे वस्त्र पांघरण्यात आले. लॉइड जॉर्ज त्या समारंभास उपस्थित होता. पुढे त्याच्याच कारकीर्दीतील किताबांच्या विक्रीवरून १९२२ मध्ये वादळ उठले आणि १९२५ मध्ये हा गैरव्यवहार रोखणारा कायदा करावा लागला.

मर्यादा : देशी परंपरेचा गौरव करताना तिच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करता येत नाही. आइस्टेद्‌वोदमध्ये १९५० पासून केवळ वेल्श भाषेचा नियम आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण १७.८ टक्के होते. कविसभेला जो काटेकोरपणा शोभतो, तो राज्याच्या सर्वोच्च सन्मानाला शोभेलच असे नाही. खाणकामगार, परिचारिका किंवा इंग्रजीत लिहिणारा वेल्श कवी यांना कोणते आसन द्यावयाचे, याचे उत्तर हवेलच्या संहितेत मिळत नाही. वेल्सच्या शासनाने २०१४ पासून सुरू केलेले संत डेव्हिड पुरस्कार हा या प्रश्नाचा एक व्यावहारिक तोडगा होय. त्यांसाठी नागरिकांकडून नावे सुचविली जातात आणि त्यांच्याबरोबर कोणतेही उपपद मिळत नाही. कल्पित राज्यांच्या रचनाकारांनी सोडलेली पायरी प्रत्यक्षातील शासनाने घेतली, असे म्हणता येईल.

मूल्यमापन : कल्पित वेल्श सन्मानांचे महत्त्व त्यांच्या फितींच्या रंगांत नाही. पराभूत समाजाने गमावलेली प्रतिष्ठा कल्पनेत परत मिळविताना तो विजेत्याचा आरसा वापरतो की स्वतःच्या परंपरेत शोध घेतो, याची साक्ष त्यांतून मिळते. या दृष्टीने गार्टरच्या नमुन्यावर बेतलेले संघ कितीही तपशीलवार असले, तरी ते पर्यायी इतिहास ठरत नाहीत. तो घडलेल्याच इतिहासाचा अनुवाद ठरतो. १४०६ मध्ये ओवाइन ग्लिंडूरने फ्रान्सच्या राजापुढे जी मागणी ठेवली, तीत सरदारसंघ नव्हता, विद्यापीठे होती. वेल्सच्या कल्पित दरबाराची मांडणी करणाऱ्याने या पत्रापासून आरंभ केल्यास त्याची कल्पना अधिक मुक्त आणि अधिक खरी होण्याचा संभव आहे.