फाळक्यांची ओढगस्त

दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्यामुळे बाजवा-बडोदा परिसरातील मराठी रसिकाने परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटाकडे जिव्हाळ्याने पाहावे, हे स्वाभाविकच आहे.

फाळक्यांची ओढगस्त मोकाशी विनोदाच्या अंगाने रंगवतात. घरातील सामान विकण्याचे प्रसंगही हसतखेळत येतात. हा सूर मला मान्य आहे. रडगाणे टाळल्यामुळेच टंचाईतून सुचलेली युक्ती ठळक होते. भांडवल नव्हते, म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाढणारे वाटाण्याचे रोप टप्प्याटप्प्याने चित्रित केले आणि त्या छोट्याशा पटाच्या बळावर कर्ज उभे केले. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहातील अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. (ही अडचण अर्थात पैशाची नव्हती, लोकलज्जेची होती.)

परंतु या काटकसरीचे कौतुक करताना ती कोणाच्या अंगावर पडली, हेही विचारले पाहिजे. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सर्व त्यांनी केले. तेव्हा कुठे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई प्रसन्न आहेत, चतुरही आहेत. त्यांचा शीण मात्र क्वचितच जाणवतो. फाळक्यांनी ही ओढगस्त स्वतः पत्करली होती, सरस्वतीबाईंनी ती निभावली. अंधाऱ्या खोलीतील त्यांचे ते काम कॅमेऱ्याने अधिक जवळून, अधिक वेळ पाहायला हवे होते.