व्हिक्टोरियन वाङ्मय व मराठी
इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या कारकीर्दीत (१८३७–१९०१) निर्माण झालेल्या इंग्रजी काव्य, गद्य व नाट्य या प्रकारांतील वाङ्मयाचे मराठी भाषिकांनी केलेले अध्ययन आणि त्याचा मराठी वाङ्मयावर झालेला संस्कार. मुंबई विद्यापीठाची स्थापना (१८५७) याच कालखंडातील. त्यामुळे तेथील पहिल्या पिढ्यांना हे वाङ्मय समकालीन होते. मात्र त्याचा स्वीकार समप्रमाणात झाला नाही. गद्य लवकर व विपुल आले, काव्य आडवाटेने आले आणि नाटक जवळजवळ आलेच नाही.

गद्य : विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेत (१८७४–८१) मेकॉलेच्या (१८००–५९) शैलीचा ठसा स्पष्ट दिसतो. लांब, तोललेली वाक्ये, उपहास व वकिली आवेश ही त्याची लक्षणे. वसाहतवादी शिक्षणनीतीच्या पुरस्कर्त्याची शैली चिपळूणकरांनी स्वभाषाभिमानाच्या समर्थनार्थ वापरली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी (१८५६–९५) मिल व स्पेन्सर यांच्याकडून शैलीपेक्षा विचारपद्धती घेतली आणि ती बालविवाह, केशवपन यांसारख्या रूढींना लावून पाहिली.

कादंबरीच्या क्षेत्रात मराठी वाचकांना डिकिन्झपेक्षा (१८१२–७०) रेनल्ड्झ (१८१४–७९) अधिक जवळचा वाटला. इंग्रजी वाङ्मयेतिहासांत दुय्यम मानलेल्या या लेखकाच्या रहस्यरंजक कथांची छाया हरि नारायण आपटे यांच्या मधली स्थिति (१८८५) या पहिल्या कादंबरीवर आहे. पण लक्षात कोण घेतो? या कादंबरीत मात्र आपटे यांनी ती ओलांडली. नायिकेने स्वतःची जीवनकथा सांगावी, हे तंत्र शार्लट ब्राँटीच्या जेन एअरमध्ये (१८४७) आढळते. तथापि यमूचे निवेदन उसने वाटत नाही. जेनला घर सोडून जाता येते, यमूला येत नाही. या भेदामुळे तेच तंत्र येथे अधिक करुण परिणाम साधते.

या संदर्भात फिलिप मेडोज टेलर (१८०८–७६) याचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे. निजामाच्या सेवेत असलेल्या व नळदुर्ग येथे काही काळ प्रशासक राहिलेल्या टेलरने तारा (१८६३) ही कादंबरी लिहिली. शिवाजी–अफझलखान संघर्षाच्या पार्श्वभूमीवर तुळजापूरच्या एका ब्राह्मण बालविधवेची कथा तीत आहे. मराठवाड्याच्या भूमीतून उगवलेली ही व्हिक्टोरियन कलाकृती होय. टेलरला प्रदेशाचे व लोकजीवनाचे ज्ञान सूक्ष्म आहे. परंतु त्याच्या कथेत विधवेची सुटका अद्‌भुतरम्य योगायोगावर अवलंबून राहते. आपटे यांच्या कादंबरीत अशी सुटका नाही. विषय एकच, परंतु एक पाहणाऱ्याची दृष्टी व दुसरी भोगणाऱ्याची वाणी. या दोन कृती शेजारी ठेवून वाचल्यास सहानुभूती व अनुभूती यांतील अंतर ध्यानात येते.

काव्य : केशवसुतादी कवींना इंग्रजी काव्याचा परिचय मुख्यतः पॅलग्रेव्हच्या गोल्डन ट्रेझरी (१८६१) या संग्रहातून झाला. त्यात हयात कवींना स्थान नव्हते. त्यामुळे टेनिसन, ब्राउनिंग व आर्नल्ड पहिल्या आवृत्तीत नाहीत. अर्थात मराठीत आलेली वर्ड्‌स्वर्थ–शेलींची परंपरा ही व्हिक्टोरियन अभिरुचीने निवडलेली होती. प्रत्यक्ष व्हिक्टोरियन काव्यातील श्रद्धा व विज्ञान यांचे द्वंद्व मात्र मागे राहिले. ते उशिरा आले, तेही फार्सी वेषात. फिट्‌सजेरल्डची रुबायात (१८५९) ही इंग्रज संशयवादाचीच कविता आहे. फार्सीचे प्राध्यापक असलेल्या माधव जूलियन यांनी मूळ रुबायांचा अनुवाद (१९२९) केल्यावर फिट्‌सजेरल्डच्या रचनेवरून द्राक्षकन्या (१९३१) स्वतंत्रपणे सिद्ध केली. मूळ कवी व त्याचा व्हिक्टोरियन अनुवादक हे दोन भिन्न कवी आहेत, हा समीक्षात्मक निर्णय त्यांनी अनुवादाच्या कृतीतूनच दिला.

नाटक : या शतकाच्या बहुतेक काळात इंग्रजी रंगभूमी अतिनाट्यात रमलेली होती, वाइल्ड व शॉ यांचा उदय अखेरच्या दशकातला. मराठी नाटककार साहजिकच शेक्सपिअरकडे वळले. अखेरच्या व्हिक्टोरियन काळात विल्यम आर्चरच्या इंग्रजी भाषांतरांनी प्रसृत झालेला इब्सेन मराठीत अनंत काणेकरांच्या घरकुल (१९४१) या नाटकाने अवतरला.

मराठवाड्यातील अध्ययन : जालना, अंबड, भोकरदन, परतूर हा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी, शिक्षणात उर्दू आणि विषय म्हणून इंग्रजी, असा तिहेरी प्रवास येथील विद्यार्थ्याला करावा लागे. मराठवाडा विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१९५८) उच्च शिक्षण जवळ आले. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. ग्रामीण, प्रथमच पदवीपर्यंत पोहोचणाऱ्या विद्यार्थ्याला लंडनचे धुके व गिरण्यांचा धूर परका वाटणे स्वाभाविक आहे. कवीचे चरित्र, कालखंडाची वैशिष्ट्ये व कवितेचा सारांश पाठ केल्याने हे परकेपण जात नाही, उलट दृढ होते. डिकिन्झच्या हार्ड टाइम्समधील (१८५४) केवळ तथ्ये घोकून घेणारी शाळा त्याला ओळखीची वाटेल, तर तेथून आरंभ करणे हितकर. चिपळूणकर, आगरकर व आपटे यांनी हे वाङ्मय परीक्षेपुरते न वाचता आपल्या समाजाचे प्रश्न त्याला विचारले. म्हणूनच ते मराठीत रुजले. त्याच्या अध्ययनाची खरी कसोटी आजही हीच आहे.